तीनला बांगडी

या गं, अशा जवळ या. उंबऱ्यात पाहुण्यासारख्या काय उभ्या राहता... मंदाच्या हाताखाली शिकून पुण्याला, नाशिकला, संभाजीनगरला गेलेल्या पोरींनो, तुम्हालाच म्हणते आहे. ती गेल्याचं कळलं तेव्हा तुम्ही मोबाईलवर जोडलेले हात पाठवले, दिवे पाठवले, एकीनं तर मंदाचा फोटो ढगात बसवून पाठवला. पाहिलं मी सगळं. चष्मा लावून पाहिलं. पण वडीगोद्रीला उतरून, हायवे ओलांडून, आमच्या अंगणापर्यंत एकही आली नाही. तुमच्या नोकऱ्या आहेत, लेकरं आहेत, सुट्टी मिळत नाही, सगळं मान्य. मी रागावलेली नाही, रुसलेली आहे. रुसलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही म्हणून हे पेपरच्या पुरवणीकडं पाठवलं. रविवारी चहाबरोबर तरी वाचाल.

त्या सकाळी मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आदल्या संध्याकाळी मंदाच्या छातीत जड वाटायला लागलं म्हणून माझा लेक तिला जालन्याला दवाखान्यात घेऊन गेला होता. जाताना ती जीपमध्ये स्वतः चढून बसली आणि वर मलाच म्हणाली, "वहिनी, दाराला कडी लावा, मांजर दुधात तोंड घालील." तेवढंच बोलणं. सकाळी माझी सून ज्योती आतून आली. माझ्यापुढं बसली, माझ्या हातातलं सूप काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं. मला कळलं. शेंगा तशाच राहिल्या... रडायचं ते रडून झालं आहे. आता जे सांगणार आहे ती रडायची गोष्ट नाही. आम्ही तिघी-चौघी बायका एका गोष्टीत जिंकलो, आणि जिंकवलं तिनं. तेवढं कुठंतरी लिहून राहावं.

मंदा माझी नणंद. मी या घरात आले तेव्हा ती परकर-पोलक्यात होती. धावड्याला दिली तिला, आणि वर्ष-दोन वर्षांतच कपाळ पुसून परत आली. घरात सगळे कुजबुजत बोलायचे. माझे सासरे मात्र एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "मंदे, शिकायचं का?" ती म्हणाली, "हो." एवढ्यावर ठरलं. जालन्याला खोली घेऊन राहिली, गणित घेऊन शिकली, आणि मग हायवेवरच्या शाळेत इतकी वर्षं मास्तरीण झाली की आईला शिकवलं आणि लेकीलाही शिकवलं अशी घरं गावोगाव आहेत. हातात बांगडी नाही, फक्त पुरुषी मोठं घड्याळ. मी म्हणायची, "अगं, बायकी घड्याळ घे एखादं, नाजूक." तर म्हणायची, "नाजूक घड्याळात काटे दिसत नाहीत वहिनी, नुसतं घड्याळ दिसतं."

मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं वाचून वाचून. शाळेतून येताना ती जुने पेपर आणायची, मी चुलीपुढं ते मोठ्यानं वाचायची आणि ती भाकरी खाता खाता माझे उच्चार सुधारायची. मी भाकरी थापायची आणि ती मला थापायची, असं आमचं चालायचं. नणंद-भावजयीचं पटत नाही असं लोक म्हणतात. आमचं तसं पटत नव्हतंच. रोज एक वाद. पण वादाला बसायला दोघींनाही दुसरं माणूस आवडायचं नाही, त्याला काय करणार...

तर गोष्ट ज्योतीची. ती शहागडची. बारावीला कॉमर्स घेतलं होतं, सगळे विषय सुटले आणि गणितात अडकली. लग्नाआधी अडकली, लग्नानंतर परत बसली, परत अडकली. मग पुस्तकं कपाटावर गेली. मांडीवर लेकरू आलं. अशात गावच्या अंगणवाडीतल्या बाई निवृत्त व्हायच्या झाल्या. त्या जागेला बारावी पास लागते आणि गावचीच सून किंवा लेक लागते. ज्योतीनं हे ऐकलं आणि दोन दिवस घरात कोणाशी नीट बोलली नाही. भांडी मात्र जोरात घासली. मी ओळखलं. गाव सोडायचं नाही, लेकरू डोळ्यापुढं राहील, आणि स्वतःचं नाव असलेलं काम. अशी जागा आमच्यासारख्या गावात आयुष्यात एकदा रिकामी होते. मधे उभा एक विषय.

मंदाला मी सांगितलं. ती म्हणाली, "तिनं मला सांगू दे." संध्याकाळी ज्योती चहा घेऊन तिच्या खोलीत गेली आणि कप खाली ठेवून म्हणाली, "मंदाआत्या, मला जुलैला बसायचंय. मला गणित येत न्हाई."

"येत नाही का आवडत नाही?"

"आवडतं. येत न्हाई."

"मग बरं आहे," मंदा म्हणाली. "उलटं असतं तर अवघड होतं."

मंदानं पुस्तक पार मागं नेलं, अकरावीच्या धड्यापर्यंत. म्हणाली, पाया तिथं खचला आहे. तो धडा वास्तव संख्यांच्या अंतरांचा. पुस्तकात त्याला जड नावं आहेत, आम्ही घरात खुलं अंतर आणि बंद अंतर म्हणायचो. आता तुम्हाला हे येतं, पण वाचणाऱ्या सगळ्यांना येत नसेल म्हणून सांगते. दोन आणि पाच यांच्या मधल्या सगळ्या संख्या, दोन धरून आणि पाच धरून, अशा लिहायच्या असतील तर दोन्ही बाजूंना चौकटी कंस लावायचा: [२, ५]. टोकं धरायची नसतील तर गोल कंस: (२, ५). एक टोक धरलं, एक सोडलं, तर एक कंस चौकटी आणि एक गोल. एवढंच. ऐकायला किती सोपं. पण ज्योती दर वेळी दोन्ही बाजूंना चौकटी कंस लावायची. उदाहरण बराबर सोडवायची, उत्तराशी पोचायची, आणि दारात येऊन दोन्ही कड्या लावून टाकायची. मंदा सांगायची, ज्योती मान हलवायची, आणि पुढच्या उदाहरणात परत चौकट. मंदा कधी कोणावर चिडली नाही, पण त्या आठवड्यात तिनं घड्याळाला दोनदा चावी दिली.

मग एक दिवस उलगडा झाला, आणि तो झाला थोरल्या बाईंमुळं. थोरल्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, भिंतीपलीकडं राहतात. सोवळं-ओवळं, सुतक, वार, तिथी, घरातला सगळा कायदा त्यांच्या जिभेवर. त्या आल्या आणि ज्योतीला विचारू लागल्या, "माहेरी जाऊन राह्यली म्हणं? किती दिवस?"

"सोमवारी जाते, सोमवारी येते. आठ दिवस."

मंदानं हातातला कप खाली ठेवला. "ज्योती, सोमवार ते सोमवार किती?"

"आठ."

"मोज."

ज्योतीनं बोटांच्या पेरांवर मोजलं. पहिला सोमवार धरला, दुसरा सोमवारही धरला. आठ भरले. थोरल्या बाईंनी पण पदराआड मोजून घेतले, त्यांचेही आठच.

"दोन्ही सोमवार धरलेस," मंदा म्हणाली.

"मंग? दोन्ही सोमवार असतातच की."

मंदा हसायला लागली. तिला हसू आवरेना. म्हणाली, "अगं, चूक तुझ्या डोक्यात नाहीच. आपल्या अख्ख्या मुलखाच्या बोटांत आहे. आठवड्याचे दिवस सात, आणि आपण म्हणतो आठ दिवसांनी ये. पंधरवड्याचे चौदा, आणि म्हणतो पंधरा दिवस झाले. जन्मापासून दोन्ही टोकं धरायची सवय. मग पेपरात हात आपोआप दोन्हीकडं चौकट मारतो." थोरल्या बाईंना वाटलं आपल्याला काही बोललं जातंय. त्या म्हणाल्या, "आठ दिवसाला आठ दिवस न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं? तुमच्या शाळेत काय म्हणतेत?" मंदा म्हणाली, "शाळेत पण आठच म्हणतात वहिनी. म्हणून तर नापास होतात."

मंदाला चूक सापडली की चूक करणाऱ्याची फार माया यायची, हे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तिनं ज्योतीला वही घेऊ दिली नाही. म्हणाली, हात बदलायचा तर हातानंच बदलावं लागेल. अंगणात कपड्याची दोरी आहे, आमच्या भिंतीपासून सुरू होते आणि शेजारच्या लिंबाला बांधलेली आहे. जुन्या लग्नपत्रिका कापून तिनं आकडे लिहिले आणि ते चिमट्यांनी दोरीवर सारख्या अंतरानं लावले. मधे शून्य, एकीकडं एक, दोन, तीन, दुसरीकडं उणे एक, उणे दोन. झाली संख्यारेषा. मग ज्योतीची धुतलेली साडी घेतली आणि उणे एकपासून चारपर्यंत पसरून टाकली. "हे तुझं अंतर. साडी जिथं आहे तेवढ्या सगळ्या संख्या आत." आता टोकाचं काय. मंदानं टिकल्यांचं पाकीट मागितलं. एक टिकली काढून चारच्या कागदावर चिकटवली. "भरीव. म्हणजे चार धरला. चौकटी कंस." मग ज्योतीला म्हणाली, "एक बांगडी काढून दे." ती उणे एकच्या चिमट्याला अडकवली. "पोकळ. म्हणजे उणे एक सोडला. अगदी त्याच्या जवळपर्यंत जायचं, पण त्याला धरायचं नाही. गोल कंस. आता लिही."

ज्योतीनं अंगणातच खडूनं लिहिलं, (−१, ४]. आणि स्वतःच्या अक्षराकडं पाहत राहिली. एक कंस गोल आणि एक चौकटी, तिच्या हातून पहिल्यांदाच.

मी आपली ओसरीवर तांदूळ निवडत होते. मला राहवेना. मी विचारलं, "मंदा, दोन आणि तीनला दोन्हीकडं बांगड्या लावल्या तर साडीत काय राह्यलं? दोन न्हाई, तीन न्हाई. मधे काहीच न्हाई. रिकामीच की."

"सव्वादोन कुठं गेले वहिनी?"

"हां... सव्वादोन आहेत."

"अडीच? पावणेतीन?"

"आहेत गं बाई."

"मग सांगा, तीनच्या अगदी अलीकडचा शेवटचा आकडा कोणता?"

मी पावणेतीनच्या पुढं गेले. त्याच्यापुढं अर्धं, त्याच्या अर्ध्याचं अर्धं... तांदूळ बाजूला राहिले. जिथं थांबावं तिथून पुढं अजून जागा निघतच होती. तीन तर दिसतोय, आणि त्याच्या अलीकडं शेवटचं घर म्हणून नाहीच. मला त्या वयात असं झालं, सांगते, जसं आपल्याच घरात एक खोली निघावी जी इतकी वर्षं कोणी उघडली नव्हती. मी म्हणाले, "मंदा, हे तू मला आधी का न्हाई सांगितलं?" ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं न्हाई. तुम्ही मला फक्त भाजीत मीठ किती ते विचारता."

त्या दिवसापासून आमच्या घरच्या साड्या कायम गणितात वाळल्या. दोन अटी एकदम आल्या की दोन साड्या. एक साडी एकपासून पाचपर्यंत, दुसरी तीनपासून सातपर्यंत. दोन्ही मिळून जेवढं झाकलं तो संयोग. दोन्ही एकावर एक जिथं आल्या तो छेद. पावसाळी हवा, पाच-पाच मिनिटांनी भुरभुर. साड्या वाळायच्या, पण तीन ते पाचमधला दुहेरी भाग ओला राहायचा. ज्योती हात लावून बघायची आणि म्हणायची, "छेद ओला आहे अजून." माझा लेक जेवायला आला की विचारायचा, आमच्या घरात कोणती भाषा चालू आहे.

आता गाव म्हटलं की बोलणारं तोंड असतंच. थोरल्या बाईंनी एक दिवस भिंतीवरून डोकावून दोरी पाहिली. नव्या सुनेच्या हिरव्या बांगड्या चिमट्याला टांगलेल्या, कागदांवर टिकल्या, आणि हे सगळं मंदाच्या हातानं. त्या फिरून दारातून आत आल्या. काठी टेकली. म्हणाल्या, "मंदे, तुला काही वाटतं का? सवाशिणीच्या बांगड्या अशा दोरीला टांगून राह्यली. टिकल्या हातात घेऊन राह्यली. त्या पोरीचा संसार नवा आहे."

ज्योतीचा हात दोरीवर तसाच राहिला. मी उठले होते, पण मंदानं माझ्याकडं पाहून मान हलवली, बसा म्हणून. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात पोरानं चुकीचं उत्तर दिलं की ती जसं पाहायची तसं तिनं पाहिलं. म्हणाली, "थोरल्या वहिनी, या बांगडीत मी हात घालत न्हाई. आकडा घालून राह्यले. तुमची हरकत असेल तर ज्योती घालील, मी नुसतं तोंडानं सांगीन. पण तिला जुलैत बसायचंय. बसू देता का?"

थोरल्या बाईंना भांडण हवं होतं, विचारणा नको होती. त्या गोंधळल्या. तेवढ्यात ज्योती म्हणाली, "मोठ्या आई, माझ्या बांगड्या आहेत ना? मंग मीच मंदाआत्याच्या हातात दिल्या. फुटल्या तर मी भरीन." आणि मी माझ्या दोन काढून त्यात टाकल्या, कारण उदाहरण मोठं होतं आणि बांगड्या कमी पडत होत्या. खरंच कमी पडत होत्या.

थोरल्या बाई निघाल्या नाहीत, हे विशेष. काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. साडी चारपासून सुरू होऊन दोरीभर गेली होती, शेजारची हद्द ओलांडून, लिंबापर्यंत. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "आन हिचं दुसरं टोक कुठं गेलं?"

"अनंताकडं," ज्योती म्हणाली.

"तिथं टिकली लावायची का बांगडी?"

"बांगडी. तिथं कायम बांगडीच. तिथं पोचून टिकली लावणार कोण?"

थोरल्या बाईंनी लिंबाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "शेजारचं झाड आहे. त्याला न विचारता काही लावू नका." आणि बसल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज बसायला लागल्या. वरून म्हणायच्या, मी आपली हवेला येते. पण ज्योतीनं चुकून दोन्हीकडं टिकल्या लावल्या की भिंतीला टेकल्या टेकल्या खाकरायच्या. मंदा मला हळूच म्हणायची, "बघा, तपासनीस आले."

परीक्षेच्या दिवशी तालुक्याला आम्ही तिघी गेलो. ज्योती आत, मी आणि मंदा समोरच्या हॉटेलच्या छपराखाली. मंदानं दोन चहा मागवले आणि दोन्ही गार केले. इतकी वर्षं पोरांना पेपराला बसवणारी बाई, पण त्या दिवशी तिनं रुमालाची घडी घातली आणि मोडली, घातली आणि मोडली. मी म्हटलं, "काय गं, तुला काय झालं?" म्हणाली, "वहिनी, एवढा जवळचा विद्यार्थी मला कधी नव्हता."

ज्योती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मंदानं पेपर घेतला, चष्मा वर-खाली केला आणि एका प्रश्नावर बोट ठेवलं. −३ ≤ २x + १ < ७. "हा सोडवलास?"

"सोडवला. एक वजा केला, दोननं भागलं."

"उणे दोनला काय लावलं?"

"टिकली."

"आणि तीनला?"

ज्योती थांबली. मग ती म्हणाली, "हात चौकटीकडंच गेल्ता आत्या. पेन टेकवलंच होतं. मंग हातातली बांगडी वाजली." तिनं श्वास घेतला. "तीनला बांगडी."

मंदा एवढ्या मोठ्यानं हसली की हॉटेलवाल्यानं कढई सोडून पाहिलं. तिला असं हसताना मी आयुष्यभरात मोजक्या वेळा पाहिलं आहे. तिनं ज्योतीला काही शाबासकी दिली नाही. म्हणाली, "चल, भजी खा. बाकीचे प्रश्न बसमध्ये पाहू."

निकाल लागला तेव्हा ज्योती नुसती पास नव्हती, बऱ्यापैकी वरच्या गुणांनी पास होती. थोरल्या बाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक घरात सांगितलं की त्यांना आधीच माहीत होतं. पुढं अर्ज झाले, कागद झाले, गावच्या दुसऱ्या दोघींनीही अर्ज केले होते, आणि दिवाळीनंतर ज्योतीच्या नावानं नेमणुकीचा कागद आला. मंदानं तो वाचला. अमुक तारखेपर्यंत हजर व्हावे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. मंदा म्हणाली, "पर्यंत म्हणजे ती तारीख धरून." एक रहिवासी दाखला यायचा बाकी होता, तो शेवटच्या दिवसाच्या आधी मिळणार नव्हता. ठरलं, शेवटच्या दिवशी जायचं. मंदानं ज्योतीला नेसायची साडी पण काढून ठेवायला सांगितली. आणि त्याच आठवड्यात ती जालन्याला गेली, ती परत आली नाही...

आता पुढचं नीट ऐका, कारण खरी गोष्ट इथं आहे. लग्न करून दिलेली लेक वारली तर माहेरी सुतक थोडं असतं, तीन दिवसांत फिटतं. सगळे तसंच धरून चालले होते. थोरल्या बाई मधे बसल्या आणि म्हणाल्या, "तीन कामून? ती धावड्याची होती का? इथं जन्मली, इथं राह्यली, इथूनच गेली. या घराची होती. दहा दिवस पाळायचे, पुरे." मला भरून आलं. ज्या बाईनं मंदाच्या हातातल्या टिकल्यांवर बोट ठेवलं होतं, तीच तिला पूर्ण घरात घेत होती. सगळ्यांनाच ते मनापासून पटलं होतं.

पण ज्योतीची तारीख त्या दहा दिवसांच्या आत पडत होती.

सुतकात कामावर रुजू व्हायचं नाही, नवी साडी नाही, कोणाकडं जायचं नाही. ज्योती स्वयंपाकघरात जमिनीकडं पाहत बसली. मला म्हणाली, "आई, मी न्हाई जात. मंदाआत्याचे दहा दिवस तोडून मला नोकरी नको." दहा दिवस मंदाचा मान होता आणि ती तारीखही मंदाचीच कमाई होती. मी थोरल्या बाईंकडं गेले. त्यांना सगळं सांगितलं. मी तयारीनं गेले होते, वाद घालायच्या. मनात म्हटलं, आज यांच्या काठीचा मार खाल्ला तरी चालेल.

त्यांनी ऐकून घेतलं. खिडकीतून आमच्या अंगणाकडं पाहत राहिल्या. सुतकात धुणं बेताचं, दोरी जवळजवळ मोकळीच होती. मग म्हणाल्या, "दहा दिवस म्हणजे दहा दिवस. दहाव्याच्या आधी सुतक फिटणार न्हाई."

"अहो पण बाई, ती तारीख..."

"ऐक की. साडी पूर्ण पसरायची. दोन्ही टोकांना टिकल्या. फक्त त्या एका दिवसाला मधे बांगडी लाव. तेवढा एक दिवस सुतकात न्हाई. त्याच्या अलीकडचं सुतक बराबर, पलीकडचं बराबर." आणि मग मलाच विचारलं, "असं चालतं ना गं? मंदी असती तर विचारलं असतं."

मी तिथंच खाली बसले. हसावं का रडावं ते कळेना, दोन्ही झालं. घरी येऊन ज्योतीला सांगितलं. ती उठून अंगणात गेली आणि फरशीवर खडूनं लिहिलं. पहिल्या दिवसापासून त्या दिवसापर्यंत, तो दिवस सोडून. मधे संयोगाची खूण. मग त्या दिवसानंतरपासून दहाव्यापर्यंत, दहावा धरून. बाहेरचे दोन कंस चौकटी, आतले दोन गोल. एकही चुकला नाही. मी आणि थोरल्या बाई दोघींनी तपासलं.

त्या सकाळी ज्योती आंघोळ करून, मंदानं काढायला लावलेली साडी नेसून निघाली. गल्लीतल्या दोघी-चौघी दारात आल्या, तोंडावर पदर, डोळ्यात प्रश्न. ज्योतीबरोबर थोरल्या बाई काठी टेकत चालत होत्या. एकीनं विचारलंच, "सुतकात कुठं?" थोरल्या बाई न थांबता म्हणाल्या, "आज सुतक न्हाई. उद्या परत आहे. समजत नसंल तर संध्याकाळी ये, समजावून सांगते." आणि तो रहिवासी दाखला घेऊन, हजेरीवर सही करून परत आल्यावर दोघींनी परत आंघोळ केली आणि राहिलेले दिवस काटेकोर पाळले.

आता ज्योती रोज सकाळी दहाच्या आत अंगणवाडी उघडते. लेकरं येतात, खिचडी होते, गाणी होतात. दुपारी घरी आली की आमच्या अंगणात बायका बसलेल्या असतात. ज्योतीचा निकाल ऐकून आल्या आहेत. एक वडीगोद्रीचीच, लग्नात बारावी अर्धी सुटलेली. एक शहागडहून येते, ट्रकवाल्याची बायको, येताना सासूला सांगते की दवाखान्यात चालले. अजून दोघी आहेत, त्या नाव सांगायला लाजतात. सगळ्यांचं घोडं गणितातच अडलेलं. ज्योती त्यांना अंतरं शिकवते, साड्या टांगते, बांगड्या मागून घेते, आणि सांगते तेव्हा अगदी मंदासारखी एक भुवई वर करते. मला ते बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही.

पण पोरींनो, अंतरं संपली आहेत. पुढच्या धड्यांत ज्योती अडखळते. मला परवा म्हणाली, "आई, मला पास होण्यापुरतं येतं, शिकवण्यापुरतं न्हाई." मी पावणेतीनच्या पुढं थोडं जाऊ शकते, त्याच्या पलीकडं मलाही येत नाही. आणि थोरल्या बाईंना सगळंच येतं असं त्या म्हणतात, त्यामुळं त्यांचा उपयोग नाही. चार बायका पुस्तक उघडून बसतात आणि आमच्या तोंडाकडं पाहतात...

तुम्हाला ते धडे येतात. मंदानं शिकवलेले आहेत. म्हणून या. बागेत मोसंबी आहे, झोपायला मंदाची खोली झाडून ठेवली आहे, एसटी हायवेला सोडते, तिथून ज्योती घ्यायला येईल. एखाद्या रविवारी एकजण आली तरी पुष्कळ. फोन करून विचारत बसू नका, लवकर या, आणि येताना पुढचा धडा वाचून या.